छाट

कथा बारा पानांची होती. विडी कारखान्याच्या खिडकीशी उभी आई, तिच्या हजार विड्यांतले दोन कट्टे, म्हणजे जुड्या, चेकर छाट म्हणून बाजूला टाकतो आणि मुलीची वही त्या आठवड्यातही राहून जाते. एका संध्याकाळची गोष्ट. लेखिका प्राथमिक शाळेत शिकवतात. मीच त्यांना म्हटलं होतं, "बाई, याची कादंबरी करा."

वर्षभराने सोलापुरात अशोक चौकाजवळच्या माझ्या घरी त्या 190 पानांचं बाड घेऊन आल्या. संध्याकाळ तीच, फक्त ताणलेली. मध्ये सोलापूरचा 1930 चा मार्शल लॉ, 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी गेलेले चार हुतात्मे, सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा, तिच्यातले नंदीध्वज, कुंभारीचं विडी कामगारांचं घरकुल. सगळं खरं, कष्टाने जमवलेलं. पण आई खिडकीशी उभी ती उभीच! साठ पानं उलटली तरी तिच्या हातातलं सूप खाली येईना.

मी पेन्सिलीने रेघा मारत गेले. बाईंचा चेहरा उतरला.

"मग वाढवायचं कशानं ओ, मॅडम?"

नेमकं उत्तर माझ्याकडेही नव्हतं. म्हटलं, तो चेकर विड्या तपासतो कसा, ते तरी दाखवा. त्यांनी माझ्या टेबलावरच्या पेन्सिली गोळा करून मूठभर कट्टा केला. आधी तोंडं न्याहाळली, मग एक अंगठ्याने दाबली. "पंचवीसचा कट्टा. एक पोकळ लागली की गेला."

पेन्सिली खाली ठेवता ठेवता म्हणाल्या, "त्याची बायको पण त्याच रांगेत असायची. तिचे कट्टे तो जास्त टाकायचा. सगळ्यांदेखत."

"हे कथेत का नाही?"

"कथेत त्याला जागाच कुठं होती?"

खरंच नव्हती, आणि कथेला ती लागतही नव्हती. तिथे तो हात पुढे करतो, कट्टा फेकतो, तेवढ्याने भागतं. कादंबरीत मात्र त्याला रात्री घरी जावं लागतं. तिथे ती चूल पेटवून बसलेली असते.

पुढचा दीड तास बाई बोलत होत्या, मी लिहून घेत होते. चहा दोनदा गार झाला. 190 पानांतली जेमतेम वीस राहिली. मार्शल लॉ पूर्ण गेला, त्याचं मलाही वाईट वाटलं.

परवा नवी चाळीस पानं आली. त्यात आई अजून आलेलीच नाही.