पाचगणीचं ‘वेड्यांचं इस्पितळ’ आणि उंबरठा नसलेली दारं

एखाद्याचं डोकं फिरलं की बाकीचा महाराष्ट्र त्याला ठाण्याला नाहीतर येरवड्याला पाठवतो. साताऱ्यात आमच्या आळीत मात्र पाचगणीला पाठवायचे. तिथे दरीच्या अंगाला झाडीत एक ओस इमारत आहे, ते वेड्यांचं इस्पितळ, रात्री आत साखळ्या वाजतात, वगैरे. गेल्या जानेवारीत मी आणि एक मित्र कॅमेरे घेऊन दिवसभर तिथे होतो. साखळी एकच दिसली, फाटकाची. तीही गंजून इतकी चिकटलेली की वाजणं तिच्या नशिबात राहिलेलं नाही.

नेमका पत्ता लिहीत नाही. जागा खाजगी आहे, आणि रीलवाल्यांना एकदा वाट कळली की आठवड्यात भिंतीवर बदाम आणि नावं उमटतात. तुम्हाला अशा कुठल्याही पडीक वास्तूत जायचं असेल तर आधी मालक शोधा. आम्हाला दोन फोन, एक अर्ज आणि ‘काही इजा झाल्यास जबाबदारी आमची’ असं लेखी देऊन तीन आठवडे थांबावं लागलं. कुंपण ओलांडणं सोपं आहे, पण भारतीय न्याय संहितेचं बेकायदा घुसखोरीचं कलम ३२९ अंगाशी येऊ शकतं. शिवाय राखणदार काका सोबत नसते तर आम्हीही भुताच्याच गोष्टी घेऊन परतलो असतो.

सातारा, वाई, पसरणी घाट, पाचगणी असा रस्ता. एसटीने दोन तास धरा आणि शनिवार-रविवार टाळा, घाटात मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागते.

काकांना पहिल्यांदा मी वेड्यांबद्दलच विचारलं. ते हसले. “येड्यांचा न्हवं ओ, टीबीचा दवाखाना हुता ह्यो. माझी आय हितं भांडी घासायला हुती. समदी खोकणारी माणसं. दूध-अंडी खायाची आन् पडून ऱ्हायाची.”

आणि मग इमारतच बोलायला लागली. राज्यातली जुनी सरकारी मनोरुग्णालयं चार: ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. सातारा जिल्हा त्यात नाही. इथे एकाही खिडकीला गज नाहीत. उलट खिडक्या इतक्या खाली आणल्यात की पलंगावर पडल्या पडल्या दरी दिसावी. भिंत आणि जमीन मिळते तिथे कोपरा नाही, सिमेंटची गोलाई आहे, म्हणजे धूळ साचायला जागा नको. वॉर्डाची दारं दोन माणसं हात पसरून जातील एवढी रुंद, आणि त्यांना उंबरठा नाही. आपल्याकडे गोठ्यालाही उंबरठा घालतात! मी बराच वेळ त्या दारात उभा होतो. मग तिरप्या उन्हात शहाबादी फरशीवर दोन समांतर चरे दिसले, खोलीतून निघून थेट बाहेरच्या व्हरांड्यात गेलेले. चाकांच्या लोखंडी पलंगांचे. रोज सकाळी माणसासकट पलंग उन्हात ढकलत न्यायचे आणि संध्याकाळी आत आणायचे. उंबरठा आड आला असता.

रॉबर्ट कॉखने १८८२ साली क्षयाचा जंतू दाखवला, पण औषध हाती यायला स्ट्रेप्टोमायसिनपर्यंत, म्हणजे १९४० च्या दशकापर्यंत वाट पाहावी लागली. तोवर उपचार म्हणजे हवा, विश्रांती आणि सकस जेवण. पाचगणी साधारण १,३०० मीटर उंचीवर, आणि महाबळेश्वरच्या पूर्वेला असल्यामुळे पाऊस त्याच्या मानाने खूपच कमी. इथे १९१२ साली डॉ. बिलिमोरियांनी बेल-एअर हे क्षयरोग्यांचं आरोग्यधाम उभं केलं. (ते आजही चालू रुग्णालय आहे, तिकडे कॅमेरे घेऊन फिरू नका.) १९५९ मध्ये मद्रासच्या अभ्यासातून दिसलं की गोळ्या घरी राहून घेतल्या तरी रुग्ण तितकाच बरा होतो. मग डोंगरावर पलंग कशाला अडवायचा? अशा इमारती ओस पडल्या त्या भुतांमुळे नाही, गोळ्यांमुळे.

मित्राच्या आईने विचारलं होतं, टीबी लागेल का? क्षयाचे जंतू उन्हात लवकर मरतात. इतक्या वर्षांनी भीती त्यांची नाही, वटवाघळांच्या आणि पारव्यांच्या विष्ठेची आहे. ती धूळ छातीत गेली तर फुप्फुसाला संसर्ग होऊ शकतो. एन-९५ मास्क लावा, साधा रुमाल उपयोगाचा नाही. फुटके सिमेंटचे पत्रे हलवू नका, जुन्या पत्र्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं. आग्या मोहोळ दिसलं तर त्या बाजूला जायचंच नाही, आणि निघताना अत्तर-सेंट मारू नका. पायात जाड तळव्याचे बूट, प्रत्येकाकडे स्वतःची विजेरी. लाकडी जिना आणि माडी लांबूनच बघा. मी शहाणपणा करून माडीच्या तिसऱ्या फळीवर पाय ठेवला आणि गुडघ्यापर्यंत खाली गेलो. नडगी सोलली आणि परतीला वाईत धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं लागलं.

फोटोंचं म्हणाल तर आत काळोख आणि खिडकीत लख्ख ऊन, ही खरी अडचण. ट्रायपॉडवर एकाच चौकटीचे तीन फोटो घ्या: एक नेहमीचा, एक दोन स्टॉप (कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या पायऱ्या) गडद, एक दोन स्टॉप उजळ, आणि घरी जोडा. आयएसओ (प्रकाशसंवेदनशीलता) १००, अ‍ॅपर्चर (भिंगाचं छिद्र) एफ ८ पुरतं. मोबाइल असेल तर स्क्रीनवर दिसणाऱ्या खिडकीवर बोट टेकवून उजेड उतरवा. ते चरे मात्र सकाळी साडेनऊच्या आसपासच दिसतात. अकराला मी मित्राला दाखवायला नेलं तर फरशी कोरी. त्याला अजून वाटतं मी थापा मारतोय.

एका कपाटात रुग्णांची नोंदवही होती. उघडली, नावं दिसली, बंद केली. तिचा फोटो काढलेला नाही आणि तुम्हीही काढू नका. त्या माणसांची नातवंडं याच जिल्ह्यात असतील, आणि आपल्याकडे क्षयाचं नाव अजूनही दबक्या आवाजात घेतात.

काकांनी शेवटी मागचं स्वयंपाकघर दाखवलं. त्यांची आई बसायची तो मोरीचा दगड घासून मधे खोलगट झालाय. ऊन गेलं होतं, बॅटरी संपत आली होती, माझा फोटो हलला. वासे वाळवीने खाल्लेत, पुढच्या पावसाळ्यात कौलं टिकतील असं काकांना वाटत नाही. परवानगी मिळाली तर आधी तिथे ट्रायपॉड लावा, वॉर्ड नंतर बघा.