ज्वारीचा हिशेब

ख्रिस्ती पाळक, म्हणजे धर्मगुरू, घडवणाऱ्या मराठी माध्यमाच्या एका सेमिनरीत मी गेली अकरा वर्षे नवा करार, म्हणजे बायबलचा येशूविषयीचा भाग, शिकवतो. माझे बहुतेक विद्यार्थी कोरडवाहू गावांतून येतात आणि पुढे तशाच गावांतल्या मंडळ्यांचे पाळक होतात. इंग्रजी भाष्यग्रंथांवरून केलेली टिपणे मी सांगायची आणि त्यांनी उतरवून घ्यायची, अशी आमची रीत होती. परीक्षेत माझीच वाक्ये मला परत मिळत, आणि ती मिळाली की शिकवणे नीट झाले असे मी समजत असे.

गेल्या पावसाळ्यात मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या १३व्या अध्यायातला, येशूने सांगितलेला पेरणाऱ्याचा दृष्टांत चालू होता: एक जण बी पेरतो, काही वाटेवर पडून वाया जाते, तर चांगल्या जमिनीत पडलेले शंभरपटीपर्यंत पीक देते. ‘शंभरपट पीक म्हणजे ऐकणाऱ्यांना थक्क करणारे पीक’ हे नेहमीचे वाक्य मी सांगितले. मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थ्याने लिहिणे थांबवले आणि तो उभा राहिला. “सर, आमच्याकडे एकरी चार किलो ज्वारी पेरतात. पाऊस बरा झाला तर चार क्विंटल होते. हे शंभरपटच झालं की. यात थक्क काय व्हायचं?”

माझ्याकडे उत्तर नव्हते. मी खडू त्याच्या हातात दिला. त्याने ज्वारीचा हिशेब फळ्यावर मांडला, दुसऱ्याने शेजारी गहू मांडला: ४० किलो बी, पाण्याची सोय असेल तर १६ क्विंटल, म्हणजे ४०पट. मग मी विचारले, “येशूच्या गालील प्रांतातले लोक काय पेरत होते?” गहू आणि जव, हे त्यांनीच बायबलातून शोधून काढले. इसहाकाला शंभरपट पीक मिळाले आणि परमेश्वराने त्याला आशीर्वाद दिला, हे बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकाच्या २६व्या अध्यायातले वचनही त्यांच्यातल्याच एकाला आठवले. जे वाक्य मी अकरा वर्षे नुसते सांगत होतो, त्याला त्या तासाला पहिल्यांदा आधार मिळाला, आणि तो वर्गाने शोधला होता.

तेवढ्यात एका विद्यार्थिनीने वेगळीच शंका काढली. तिची आई तिफणीमागे चालून चाड्यावर मूठ धरते. बोटांची फट किती ठेवायची आणि दाणे एकसारखे कसे सोडायचे, हे तिने मूठ पुढे धरून दाखवले. “बी उधारीवर आणलेलं असतं, सर. एक दाणा बाहेर पडला तरी घरात बोलणी बसतात. हा माणूस वाटेवर बी कसं पडू देतो?” पॅलेस्टाईनमध्ये आधी बी फोकत आणि मग नांगरत, त्यामुळे पायवाटही नांगराखाली येई, हे योआखिम येरेमियास या जर्मन अभ्यासकाचे मत मी दरवर्षी एका ओळीत उरकत असे. आता ते सर्वांना हवे होते, आणि ते सर्व अभ्यासकांना मान्य नाही हेही त्यांना ऐकायचे होते. मूळ ग्रीक ‘पारा’ या शब्दाचा अर्थ ‘कडेने’ असाही होतो, हे कळल्यावर बी वाटेवर पडले की वाटेच्या कडेला, यावर घंटा होऊन गेली तरी वाद चालला होता.

खेड्यातल्या बायकांनाही कळावे म्हणून पंडिता रमाबाईंनी केडगावात मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत बायबल आणले. १९२२ साली त्या वारल्या, म्हणजे या गोष्टीला शंभर वर्षे उलटली. आणि आम्ही त्याच बायकांच्या मुलामुलींना अजून परक्या पुस्तकांच्या ओळी पाठ करायला लावतो, याचे मला त्या दिवशी फार वाईट वाटले.

पुढच्या तासाला लूकच्या शुभवर्तमानातल्या १५व्या अध्यायातला हरवलेल्या नाण्याचा दृष्टांत होता; त्यात एक बाई दिवा लावून घरात पडलेले नाणे शोधते. मी टिपणे दिली नाहीत. अंधाऱ्या घरात पडलेली बारीक वस्तू कशी शोधतात, एवढेच घरी फोन करून विचारायला सांगितले. दुसऱ्या दिवशी तीच विद्यार्थिनी आईचे उत्तर घेऊन आली: दिवा वर धरायचा नाही, जमिनीला टेकवून धरायचा, म्हणजे वस्तू दिसण्याआधी तिची लांब सावली दिसते.