इचन नदीवर ग्रेलिंग गरवताना

लंडनच्या वॉटर्लू स्टेशनवरून गाडीत बसलं की तासाभरात विंचेस्टर येतं. इचन नदी याच गावातून वाहते आणि हिवाळ्यात तिथे ग्रेलिंग नावाचा मासा गरवतात. डिसेंबरात तिथे चारच्या आतच अंधारायला लागतं, तरी भल्या पहाटे निघण्यात फारसा अर्थ नाही. कडक थंडीत ग्रेलिंग बहुधा दहा-अकरानंतर खायला तोंड उघडतं, म्हणजे कामाचे तास जेमतेम चार.

इचन ही खडूच्या टेकड्यांत मुरलेल्या पाण्याची नदी. जमिनीखालून येणारं पाणी बारा महिने साधारण १० अंशांचं असतं, म्हणून काठावर दंव पडलेलं असताना पाण्यावर वाफ दिसते आणि तळाचा बारीक गोटा मोजता येईल इतकं ते नितळ असतं. ट्राउट माशाचा हंगाम शरदात संपला की नदीच्या या महागड्या पट्ट्यांचं (गरवण्यासाठी आखलेल्या भागांचं) दिवसाचं तिकीट स्वस्त होतं, आणि मग तिथे येतात ते ग्रेलिंगसाठीच. गंमत अशी की ग्रेलिंग ट्राउटच्याच कुळातलं, पाठीवर शेपटीजवळ तो छोटा मांसल पर त्यालाही असतो. पण इंग्लंडच्या नियमांत ते रोहू-कटल्याच्या जातकुळीतल्या माशांबरोबर मोजतात. त्यामुळे नदीवर १५ मार्च ते १५ जून बंदी, एरवी मुभा. दांडीचा सरकारी परवाना वेगळा आणि पट्ट्याचं तिकीट वेगळं, दोन्ही लागतात. वरच्या बऱ्याच पट्ट्यांवर फक्त कृत्रिम माशी चालते. खाली ईस्टलीकडे तरंगा आणि अळ्या चालणारे पट्टे आहेत. तिकीट घेतानाच विचारून घ्यावं.

तरंग्याची जुळणी: १३ फुटी दांडी, ३ पौंडांचा ताण झेलणारं तंगूस, पुढचा तुकडा अडीच पौंडी, १६ किंवा १८ नंबरचा उलटा दात नसलेला गळ, त्यावर दोन अळ्या. शिशाचे मणी गळाच्या दीड फूट वर एकत्र आणि एक बारीक मणी निम्म्यावर. सगळं यश खोलीवर आहे. ग्रेलिंगचं तोंड खालच्या अंगाला वळलेलं, ते तळालगतच खातं. तरंगा उथळ लावून सुरुवात करायची आणि दर फेकीला चार बोटं वाढवत जायचं. तळाला घासून तो अडखळायला लागला की दोन बोटं कमी. वाहताना तरंगा किंचित रोखून धरला की आमिष त्याच्या पुढे जातं. मोकळा सोडला तर वरचं वेगवान पाणी तरंग्याला ओढतं, अळ्या मागून फरफटत येतात आणि मासा नुसता बघतो. प्रत्येक फेकीला दहा-पंधरा अळ्या पाण्यात टाकायच्या, जास्त नाही. मूठमूठ टाकल्या की थवा खालच्या अंगाला सरकतो आणि आपण रिकाम्या पाण्यात गरवत बसतो.

माशीवाल्यांसाठी १० फुटी हलकी दांडी आणि टंगस्टन मण्याच्या दोन निम्फ (पाण्याखाली बुडणाऱ्या कृत्रिम माश्या), दीड फूट अंतरावर, जड ती खाली. गुलाबी रंग का चालतो ते कुणी नीट सांगत नाही, पण चालतो. जुना उपाय ‘किलर बग’: विल्टशरमधल्या एव्हन नदीचे राखणदार फ्रँक सॉयर यांनी फक्त तांब्याची तार आणि चॅडविक ४७७ या रफूच्या लोकरीतून बांधलेला. ती लोकर बनणं केव्हाच थांबलं. कोरडी असताना मळकट, ओली झाली की गुलाबी झाक.

आता आकार, कारण गप्पांमध्ये प्रत्येक मासा दोन पौंडी असतो. दिवसभरात हाती येतात ती बहुतेक २५ ते ३५ सेंटिमीटरची. ३० चं वजन साधारण ३०० ग्रॅम, ३५ ला एक पौंड म्हणजे ४५० ग्रॅमच्या आसपास. खरा दोन पौंडी ४४-४५ सेंटिमीटरचा असतो आणि तो मिळाला की दिवस सोन्याचा. तीन पौंडी बघायला वर्षं जातात. ब्रिटनचा विक्रमच चार पौंडांच्या थोडा वर आहे. मोजमाप नाकाच्या टोकापासून शेपटीच्या खाचेपर्यंत, टोकापर्यंत नाही. नियमाने दिवसाला ३० ते ३८ सेंटिमीटरमधले दोनच ठेवता येतात; पण बऱ्याच पट्ट्यांवर एकही नाही.

मासा लागला की पाठीवरचा मोठा, शिडासारखा पर उभारतो आणि प्रवाहात आडवा होतो. नराचा पर मोठा, मिटला तरी मागच्या मांसल परापर्यंत पोचतो. कडेला तांबूस झाक, डोळ्याची बाहुली नाकाकडे निमुळती. या शिडामुळे पाऊण पौंडाचा मासाही दुप्पट वाटतो. वर खेचत बसलं तर तो गिरक्या घेतो, तंगूस पिळवटतं आणि गळ सुटतो. आपण चार पावलं खाली जावं, दांडी आडवी धरून त्याला संथ पाण्यात आणावं.

पाण्यात उतरताना मात्र खाली बघावं. हिवाळ्यात ट्राउट अंडी घालतात. गडद तळात फिकट, धुतल्यासारखा गोट्यांचा डाग दिसला की त्यावर पाय ठेवायचा नाही.

ग्रेलिंग दमलं की ट्राउटपेक्षा उशिरा सावरतं. गळ पाण्यातच काढावा, हात ओले असावेत, फोटोसाठी पाच-दहा सेकंद पुरेत. मग हातजाळ्याच्या झोळीतच, तोंड प्रवाहाकडे करून धरायचं. लवकर सोडलं तर ते कुशीवर पडून वाहत जातं. कल्ले संथ हलू लागले आणि शेपटीने स्वतःहून धक्का दिला की झोळीची कड खाली करायची.