उजवी कड

आमच्या गाडीच्या ड्रायव्हर सीटची उजवी कड पांढुरकी पडली आहे. बाकी सीट तपकिरी, कड मात्र जुन्या चपलेच्या अंगठ्यासारखी. मी खापर उन्हावर फोडलं. बायको म्हणाली, "तुम्ही गाडीत बसत नाही, घसरता."

म्हापशाच्या सीटवाल्याने निकाल तिच्याच बाजूने दिला. कड नखाने खरवडून म्हणाला, "चामडें बरें आसा, रंग गेला." या चामड्यावर रंगाचा थर असतो आणि त्यावर पातळ पारदर्शक लेप. चढता-उतरता पँट घासून आधी लेप जातो, मग रंग. स्टिअरिंगचंही तेच, तिथे घाम. करोनाच्या दिवसांत सॅनिटायझरचे ओले हात मी त्यावरच सुकवले होते, हे त्याला सांगितलं नाही.

ऊनही अगदी निर्दोष नाही. पुढच्या काचेच्या दोन थरांमध्ये प्लास्टिकचा पापुद्रा असतो, तो अतिनील किरण बहुतेक अडवतो. बाजूच्या साध्या काचांना ते तितकं जमत नाही, म्हणून मागच्या सीटचा खिडकीकडचा भाग फिकटला. सावलीत लावा म्हणणं सोपं आहे. माडाखाली लावली तर नारळ, आंब्याखाली चीक, आणि फणसाखाली लावली तर सीटचा प्रश्नच मिटायचा.

शिवाय आमचा पावसाळा, तीन हजार मिलिमीटरच्या घरातला. एका जुलैत गाडी आठ दिवस बंद राहिली आणि सीटवर हिरवट लव उगवली. आईने ती पुसून वर खोबरेल चोळलं. केसांना, गुडघ्यांना, दाराच्या बिजागरीला चालतं, मग सीटला का नको? पण लेपाखाली तेल मुरतं कुठे! ते वरच राहिलं, धूळ धरून बसलं. चवथीला आलेले काका पांढऱ्या सदऱ्याने टेकून बसले आणि पाठीवर सीटची शिवण उमटवून घरात आले. तेव्हापासून फक्त ओलं फडकं, सौम्य साबण आणि लगेच कोरडं पुसणं.

रंग जुळवायला मूळ रंग कुठला, हे कुणालाच आठवेना. शेवटी सीटवाल्याने पाठीमागची फट बोटांनी फाकवली. आत गडद, जवळजवळ काळा तपकिरी.

"घेताना मी म्हटलंच होतं, काळी दिसते," बायको म्हणाली.

रंग चढवून आणला. दोन दिवस मी आधी पाय बाहेर टेकवून, बूड उचलून उतरलो. तिसऱ्या दिवशी पाऊस आला.