तुम्ही विचारलंत म्हणून: मीच औषध का देत नाही?

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या मेडिकलवर आठवड्यातून दोनदा तरी हा प्रश्न येतो. "ताई, तुम्हाला एवढं कळतं, तर तुम्हीच द्या ना गोळी! डॉक्टरकडे दोन तास कशाला बसायचं?" त्यात लेस्टरहून आलेला माझा मावसभाऊ भर घालतो, "आमच्याकडे तर केमिस्टच देतो."

खोटं नाही ते. इंग्लंडात २००६पासून जादा शिक्षण घेतलेल्या नर्स आणि फार्मासिस्टना स्वतः औषध लिहून देता येतं. आणि ३१ जानेवारी २०२४पासून घसा, कान, सायनस, नागीण, बायकांचं लघवीचं इन्फेक्शन अशा सात दुखण्यांसाठी लोक थेट औषधाच्या दुकानातच जाऊ शकतात. पण तिथे आत दार लावून बोलायला खोली असते, आणि काय दिलं ते पेशंटच्या डॉक्टरच्या नोंदीत जातं. माझ्याकडे चार फुटांचं काउंटर आहे, मागे सहाजण उभे, आणि पेशंटच्या हातातल्या पिशवीत चार डॉक्टरांचे चार कागद. त्या चौघांना एकमेकांचा पत्ता नसतो.

तरी माझं उत्तर "जमणार नाही" एवढंच नाही. आधी एका आजींचं सांगते.

गेल्या पावसाळ्यात आल्या. "तोंड फार आलंय गं, लावायला काही दे. आणि हा पत्ता संपला, तोही दे." (गोळ्यांच्या पट्टीला आम्ही इंदूरकर मराठीतही पत्ताच म्हणतो.) रिकामा पत्ता मेथोट्रेक्सेटचा होता, संधिवातावरचा. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. दहा गोळ्या दहा आठवडे पुरायला हव्यात, आणि वही काढून पाहिली तर पत्ता नेऊन अकरा दिवस झाले होते. पिशवीत फोलिक ॲसिडचा, म्हणजे सोबत रोज घ्यायच्या जीवनसत्त्वाच्या गोळ्यांचा पत्ता होता, जवळजवळ भरलेला. म्हणजे रोजची गोळी रविवारी आणि रविवारची रोज. दोन्ही बारक्या, दोन्ही पिवळ्या. तोंड आलं होतं ते त्यामुळेच.

तोंडाला लावायचं जेल दिलं नाही. डॉक्टरांना फोन लावला, आजींच्या नातवाला बोलावलं, आणि त्याच दुपारी आजी भरती झाल्या. रक्तातल्या पेशी घसरल्या होत्या. वाचल्या.

लोक हे ऐकून माझं कौतुक करतात, तेव्हा मला पुढचं सांगावं लागतं. पहिला पत्ता मीच दिला होता. संध्याकाळची गर्दी होती. "हफ्त्यातून एकदाच हं" असं म्हटलंही असेन, पण पत्त्यावर मार्करने "फक्त रविवार" लिहिलं नव्हतं. २०१५च्या फार्मसी प्रॅक्टिसच्या नियमांत औषध समजावून सांगणं हे माझं काम म्हणून स्पष्ट लिहिलेलं आहे. त्या दिवशी मी नुसती गोळी विकली.

आणि विकते, इथेच खरी गोम आहे. मला पैसे मिळतात ते पत्ता गेला की. आजींना जेल आणि नवा पत्ता देऊन पाठवलं असतं, तर गल्ल्यात काही पडलं असतं. अर्धा तास फोनवर घालवला, त्याचं बिल कशावर फाडू? मग उद्या लिहून देण्याचा हक्कही माझ्याच हातात आला, तर? मी स्वतःला बरी समजते, पण महिनाअखेरीला दवा बाजारातल्या होलसेलवाल्याची उधारी डोक्यावर असताना खोकल्याच्या पेशंटला मी अँटिबायोटिक लिहिणारच नाही, अशी शपथ मी घेणार नाही. शेड्यूल एच-वनची, म्हणजे ठरावीक अँटिबायोटिकसारख्या औषधांच्या विक्रीची वही २०१४पासून आमच्या मागे लागली, ती उगाच नाही. डॉक्टर, पेशंट, किती नग, सगळं वेगळं लिहायचं आणि तीन वर्षं जपायचं.

माझ्या नणंदेला मात्र मी हा हक्क बिनघोर देईन. ती नर्स आहे, सांवेरच्या पलीकडे एका उपकेंद्रावर सीएचओ, म्हणजे कम्युनिटी हेल्थ ऑफिसर. बीएस्सी नर्सिंगनंतर सहा महिन्यांचा कोर्स केला. तिशीच्या पुढच्या सगळ्यांचं बीपी आणि शुगर तपासते. औषध डॉक्टरांनी एकदा ठरवलं की दर महिन्याच्या गोळ्या तीच देते, अडलं तर ई-संजीवनीवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन सल्ला सेवेवर, डॉक्टरांना गाठते. तिच्याकडची गोळी फुकट असते. दहा गेल्या काय नि शंभर गेल्या काय, तिच्या पगारात फरक पडत नाही. आणि गोळ्या न्यायला कोण आलं नाही, ते तिला ठाऊक असतं. माझं गिऱ्हाईक आलं नाही, तर दुसऱ्या दुकानात गेलं असेल एवढंच मी समजते.

मला स्वतःला हवं आहे ते विचारायला मिळणं. आणखी काय घेता, कधी घेता, इनहेलर ओढून दाखवा, इन्शुलिन फ्रीजमध्ये कुठे ठेवता. (बर्फाच्या कप्प्यात ठेवणारे निघतात!) पण चारचौघांत हे विचारणंही सोपं नाही. एका पस्तिशीच्या गृहस्थांना मी जरा मोठ्याने विचारलं, "ही गोळी कशासाठी चालू आहे?" मागे त्यांच्याच गल्लीतले दोघं उभे होते. गोळी होती मनाच्या आजाराची. "रहने दीजिए मैडम," म्हणाले आणि पैसे न उचलता निघून गेले. पुन्हा आले नाहीत.

तेव्हापासून काउंटरच्या आतल्या कोपऱ्यात एक स्टूल ठेवलंय. ज्यांना नीट विचारायचं असतं, त्यांना तिथे बसवते. आमच्या यजमानांचं म्हणणं, त्या जागेत डायपरचे चार गठ्ठे राहिले असते.