घासायची घाई

घरमालकांनी फोनवर सांगितलं, "लाकडी फरशी फुगलीय, घासून सपाट करून द्या." मी पोचलो तोवर भाड्याचं सँडिंग मशीनही दारात येऊन उभं होतं.

बैठकीच्या खोलीत तिरपा उजेड पडला होता. प्रत्येक फळीच्या दोन्ही कडा वर आलेल्या आणि मधला भाग खाली बसलेला दिसत होता. आम्ही याला कपिंग म्हणतो. मला खरं नवल वाटलं ते शेजारच्या अभ्यासिकेचं. लाकूड तेच, रेड ओक. फळ्यांची रुंदी तीच, खालचं प्लायवूडही सलग. तरी तिथं हात फिरवला तर कडा जेमतेम लागत होत्या.

दोन खोल्यांमधली उंबऱ्याची पट्टी उचलली आणि फळ्यांची टोकं पाहिली. बैठकीतल्या फळ्यांत वाढीची वलयं आडवी पडलेली होती, अभ्यासिकेतल्या फळ्यांत जवळजवळ उभी. पहिल्या फळ्या प्लेन सॉन, म्हणजे ओंडका एका बाजूनं सरळ चिरत नेलेल्या. दुसऱ्या क्वार्टर सॉन: ओंडक्याचे आधी चार भाग करायचे, मग वलयं फळीच्या पृष्ठभागाशी 60 ते 90 अंशांत राहतील असे काप घ्यायचे. यात लाकूड जास्त वाया जातं, म्हणून ती महाग. पण लाकूड वलयांच्या दिशेनं जितकं फुगतं, त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याकडून सालीकडे फुगतं. क्वार्टर सॉन फळीची रुंदी या दुसऱ्या दिशेत येते, म्हणून त्याच ओलीत ती रुंदीला कमी हलते. हे मी कितीदा वाचलं होतं, पण एकाच घरात इतकं शेजारी-शेजारी कधी पाहिलं नव्हतं.

लांब सुयांचा ओलावा मीटर लावला. बैठकीतल्या फळीत वर 8 टक्के, तळाशी 13. पाणी खालून येत होतं. फरशीखालच्या पोकळीत नळाचा एक सांधा ठिबकत होता.

सांधा दुरुस्त झाला, तरी मालकांना मशीन त्याच दिवशी चालवायचं होतं. मी ठाम नकार दिला. आत्ता वर आलेल्या कडा घासल्या, तर तळ सुकल्यावर त्या कडा खाली जातात आणि फळीचा मध्य वर येतो. याला क्राउनिंग म्हणतात, आणि ते काढायला पुन्हा घासावं लागतं. फळीच्या जिभेवरचं (म्हणजे शेजारच्या फळीच्या खाचेत बसणाऱ्या कडेवरचं) लाकूड काही मिलिमीटरच असतं. ते असं उधळायचं नसतं.

मशीन परत गेलं. पोकळीत हवा खेळती केली आणि वरचा-खालचा आकडा जुळेपर्यंत मी अधूनमधून मोजत राहिलो. बहुतेक फळ्या आपोआप बसल्या. शेवटी हलकं स्क्रीनिंग, म्हणजे वरवरचं बारीक घासणं, आणि पॉलिशचा एक हात एवढंच लागलं. ओला पोछा आणि वाफेचा मॉप बंद करा, खोलीतली आर्द्रता 30 ते 50 टक्क्यांत ठेवा, हे मात्र मी बजावून सांगितलं.

नळाजवळच्या काही फळ्यांच्या जिभा दबून चिरल्या होत्या, त्या बदलाव्या लागल्या. "तिथं क्वार्टर सॉनच घाला," मालक म्हणाले. मी ते टाळलं. वेगळ्या रेषांचा तुकडा मधेच उठून दिसला असता, आणि शेजारच्या फळ्यांपेक्षा कमी-जास्त हलून सांधेही उघडले असते. माळ्यावर मूळ गठ्ठ्यातल्या थोड्या फळ्या उरल्या होत्या. त्या खोलीत आणून मुरू दिल्या आणि ओलावा जुळल्यावर त्याच बसवल्या.