सेंट लुईसच्या घुमटात काव काव

माझ्या मनगटावरच्या घड्याळात सकाळचे दहा वाजले होते आणि भाच्याच्या फोनवर अकरा. "मामा, आज घड्याळं एक तास पुढं गेली," असं तो म्हणाला तेव्हा मला वाटलं, पोरगं उशिरा उठल्याचं खापर घड्याळावर फोडतंय. पण खरंच तसं होतं. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेत पहाटेचा एक तास सरकारी हुकमानं गायब होतो. १२ मार्च २०२३ ला तो नेमका आमच्या पोह्यांच्या वेळेचा गेला. सामना दुपारीच होता. कढई तशीच झाकून ठेवली, कोल्हापुरातून नेलेल्या भडंगाचा स्टीलचा डबा पिशवीत टाकला आणि निघालो.

आता आधी कबुली देतो. मी फुटबॉलवेडा आहे, पण पायानं खेळतात त्या फुटबॉलचा. लहानपण कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर गेलं. पाटाकडील विरुद्ध दिलबहार असा तालमींचा सामना असला की घरी न सांगता पळायचं, आणि हरल्यावर घरी जायचंच नाही. त्यामुळं सेंट लुईसला उतरल्या उतरल्या मी भाच्याकडं सिटी एससीची तिकिटं मागितली होती. हा क्लब त्याच वर्षी एमएलएस या अमेरिकेतल्या पायानं खेळायच्या फुटबॉलच्या लीगमध्ये आला होता. ४ मार्चला घरच्या मैदानावरचा पहिला सामना त्यांनी शार्लटविरुद्ध ३-१ असा जिंकला आणि अख्खं शहर लाल झालं. स्टेडियम साडेबावीस हजारांचं, तिकिटं कुठली मिळायला? त्यातून त्या शनिवार-रविवारी संघ बाहेरगावी, पोर्टलँडला. "मग बॅटलहॉक्स बघूया की," भाचा म्हणाला. "ते हातानं खेळतात ते? हेल्मेटं घालून?" "तेच. पण मामा, तुम्ही खेळ बघू नका. पब्लिक बघा."

बॅटलहॉक्स ज्या लीगमध्ये खेळायचे त्या एक्सएफएलची कुंडली त्यानं गाडीत मांडली. ही लीग तीन वेळा जन्माला आलेली. पहिल्यांदा २००१ मध्ये, कुस्तीचे तमाशे करणाऱ्या विन्स मॅकमहननं काढलेली. तिच्यात नाणेफेक नव्हती. दोन्हीकडचा एकेक गडी मैदानात ठेवलेल्या चेंडूकडं सुसाट पळायचा, ज्याच्या हाती लागेल त्याची निवड. पहिल्याच रात्री ऑर्लँडोच्या एका खेळाडूचा खांदा त्यात निखळला. एका हंगामात लीग आटोपली. दुसऱ्यांदा त्याच माणसानं २०२० मध्ये काढली, जरा शहाण्यासारखी. पाच आठवडे चालली आणि कोरोना आला. एप्रिलमध्ये दिवाळं. ऑगस्टमध्ये ड्वेन जॉन्सन म्हणजे आपला रॉक, त्याची भागीदार डॅनी गार्सिया आणि रेडबर्ड नावाची गुंतवणूक कंपनी यांनी मिळून ती दीड कोटी डॉलरला उचलली. आणि १८ फेब्रुवारी २०२३ ला तिसऱ्यांदा बारसं.

"एवढ्यांदा बुडालेल्या दुकानात माल घ्यायला कोण जातं?" मी विचारलं. भाचा म्हणाला, "बाकी शहरांत कुणी फारसं जात नाही. इथं जातात."

का जातात ते मला पार्किंगमध्ये कळलं.

ज्यांनी कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. अमेरिकेत सामना मैदानात सुरू होण्याआधी पार्किंगमध्ये सुरू होतो. पिकअप गाड्यांचे मागचे फाळके पाडायचे, शेगड्या पेटवायच्या, घडीच्या खुर्च्या टाकायच्या, बिअर उघडायची. थंडी चांगलीच होती. आमच्या शेजारच्या गाडीवर डुकराच्या मांसाचे तळहाताएवढे तुकडे भाजणं चाललेलं. पोर्क स्टेक, या शहराची खासियत. भाजणारा पन्नाशीचा गडी आणि शेजारी खुर्चीत ब्लँकेट गुंडाळून बसलेली त्याची आई, सत्तरी ओलांडलेली. तिच्या अंगावर निळी-पिवळी जुनी जर्सी, १३ नंबरची. बाहीवर मेंढ्याच्या शिंगाचं चिन्ह असायला हवं तिथं काळी चिकटपट्टी. नुसती चिकटवलेली नाही. कडेनं टाके घातलेले, धुण्यात निघू नये म्हणून.

मी शाकाहारी, त्यामुळं पोर्क स्टेक नम्रपणे नाकारला आणि डबा उघडला. भडंगाची पहिली मूठ त्या गड्यानं शंकेनं तोंडात टाकली, दुसरी बिअरच्या घोटाबरोबर, आणि तिसरीला त्यानं डबाच मांडीवर घेतला. बिअरला भडंग चालतं हे कोल्हापूरकराला सांगायला नको, पण मिसुरीतल्या माणसाला ते कळताना बघणं यात मजा होती.

जर्सीबद्दल मी विचारलं आणि म्हातारी सुरूच झाली. १३ नंबर कर्ट वॉर्नरचा. आयोवात सुपरमार्केटच्या फळ्यांवर रात्रपाळीत माल लावणारा पोरगा, कुणी घेईना म्हणून छोट्या लीगांमधून खेळत राहिला, आणि शेवटी इथल्या रॅम्स संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून डाव चालवणारा गडी, झाला. जानेवारी २००० मध्ये रॅम्सनी सुपर बोल, म्हणजे विजेतेपदाचा अंतिम सामना, जिंकला, टेनेसीविरुद्ध २३-१६. शेवटच्या क्षणी समोरचा खेळाडू रेषेपासून एक यार्डावर असताना माइक जोन्सनं त्याला पाडला. "एवढं!" म्हणत तिनं दोन्ही हात फाकवून दाखवले. एक यार्ड म्हणजे तीन फूट, पण तिच्या हातात ते वीतभरच भरलं.

मग २०१६. १२ जानेवारीला एनएफएल या मुख्य लीगच्या ३२ संघांच्या मालकांनी मतदान केलं, ३० विरुद्ध २, आणि रॅम्स लॉस एंजेलिसला गेले. मालक स्टॅन क्रोंकी मिसुरीचाच. आणि पुढचं सांगताना तिचा मुलगा चिमटा हवेत धरून थांबला. या क्रोंकीचं पाळण्यातलं नाव एनॉस स्टॅन्ली. सेंट लुईसच्या बेसबॉल संघातले दोन थोर खेळाडू, एनॉस स्लॉटर आणि स्टॅन म्युझिअल, त्यांच्यावरून आईबापांनी ठेवलेलं. "आमच्या देवांची नावं लावून आमचंच देऊळ नेलं," अशा अर्थाचं काहीतरी तो म्हणाला. इंग्रजीत ते बरंच तिखट होतं.

मला खरं सांगायचं तर ही गोष्ट समजायला वेळ लागला. संघ गाव सोडून जातो म्हणजे काय? पाटाकडील तालीम उद्या उठून पुण्याला गेली, असं वाक्य कोल्हापुरात कुणी तोंडातून काढून दाखवावं. तालीम पेठेची असते, तिला विकणार कोण? इथं संघाला मालक असतो, आणि मालकाला दुसऱ्या गावात जास्त दिसलं की तो गाशा गुंडाळतो. या शहराच्या वाट्याला तर हे दोनदा आलं. त्याआधी १९८८ मध्ये फुटबॉलचे कार्डिनल्स असेच ॲरिझोनाला गेले. मग नवा संघ यावा म्हणून लोकांच्या पैशानं हा घुमट, म्हणजे हे छताचं स्टेडियम, बांधला, १९९५ मध्ये रॅम्स आणले, आणि ते गेले तेव्हा घुमटाचं कर्ज फिटायचं होतं! पुढं शहरानं खटला भरला, २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये ७९ कोटी डॉलरवर तडजोड झाली. पैसे आले. संघ काही आला नाही.

"म्हणून आज आकडा महत्त्वाचा," म्हातारी म्हणाली. कोण जिंकतं त्यापेक्षा किती आले ते. २०२० च्या फेब्रुवारीत पहिल्या घरच्या सामन्याला २९,५५४ आले होते, हे तिला रुपया-आण्यासकट पाठ. "हे शहर फुटबॉलचं नाही म्हणाले ना? मोजू देत."

दारात माझी पिशवी अडली. आरपार दिसणारी पिशवी नसेल तर आत नेता येत नाही आणि बाहेरचं खाणं तर नाहीच. हे भाच्यानं सांगितलं होतं, मी ऐकलं नव्हतं. गाडीपर्यंत परत जायला वेळ नव्हता. डबा शेजाऱ्याच्या पिकअपमध्ये ठेवला. सामना संपला की घेऊ, असं ठरलं.

आत पाऊल टाकलं आणि कानावर पहिला आवाज आला तो: काऽ काऽव!

बॅटलहॉक्स म्हणजे झुंजार ससाणे. पण २०२० मध्ये कुणीतरी गंमत म्हणून 'का-कॉ' असं ओरडायला सुरुवात केली आणि तीच शहराची आरोळी झाली. टोप्यांवर तेच, फलकांवर तेच, अनोळखी माणसं जिन्यात एकमेकांना नमस्काराऐवजी तेच म्हणतात. आता माझ्यासारख्या माणसाला हे ऐकून काय आठवणार? पंचगंगेचा घाट, पत्रावळीवर ठेवलेला भात, आणि अख्खं खानदान आभाळाकडं तोंड करून 'काव काव' करतंय. कावळा शिवेपर्यंत हलायचं नाही. जाणाऱ्याचं काहीतरी राहिलंय, ते कुणीतरी कबूल केल्याशिवाय तो शिवत नाही. मी भाच्याच्या कानात हे सांगितलं. तो हसला, मग जरा थांबून म्हणाला, "मामा, हे त्या आजींना सांगू नका हं."

खेळाबद्दल थोडक्यात. संघ पहिले तिन्ही सामने बाहेरगावी खेळून दोन जिंकून आला होता. सॅन अँटोनियोत तर शेवटच्या दीड मिनिटात बारा गुणांनी मागं असताना १८-१५ असा काढलेला. तो निघाला लीगच्या वेगळ्या नियमांमुळं. टचडाउन म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपलीकडं नेणं. त्यानंतर इथं लाथेचा सोपा एक गुण नव्हता. दोन यार्डांवरून प्रयत्न केला तर एक गुण, पाचावरून दोन, दहावरून तीन. जुगार जितका मोठा, तितकं दान मोठं. शिवाय सामन्याच्या शेवटच्या पाव भागात गुण केल्यावर चेंडू समोरच्याला द्यायचा नसेल तर एकाच झटक्यात पंधरा यार्ड काढून दाखवायचे. मला हे नियम पाच मिनिटांत समजले आणि आवडले. चार प्रयत्नांत दहा यार्ड हे मूळ प्रकरण समजायला मात्र पहिला अर्धा सामना गेला. दर सहा सेकंदांच्या झटापटीनंतर अर्धा मिनिट गप्पा. आमच्याकडं एवढ्या वेळात प्रेक्षक मैदानात उतरतील.

क्वार्टरबॅक एजे मॅकॅरन, ३२ वर्षांचा. अलाबामा विद्यापीठाला दोनदा राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलेला, मग एनएफएलमध्ये बहुतेक वर्षं बाकावर. आपल्या मुलांना बाप खेळताना दिसावा म्हणून इथं आलो, असं त्यानं सांगितलंय. आमच्या पुढच्या रांगेत असाच एक बाप होता, खांद्यावर सात-आठ वर्षांचं पोरगं. म्हणजे रॅम्स गेले तेव्हा हे पाळण्यात. त्याला क्रोंकी माहीत नाही, एक यार्डही माहीत नाही. ते आपलं ससाण्याचे पंख हलवत का-कॉ करत होतं, आणि बाप सामना सोडून पोराकडंच बघत होता. घसा बसल्यावर पोरानं वळून माझ्याकडं बघितलं, जणू आता तुमची पाळी. मी इकडंतिकडं पाहिलं आणि घाटावरचा ठेवणीतला आवाज काढला. भाच्यानं तोंड लपवलं. पोरानं पसंतीची मान हलवली.

छताखालचा आवाज हा वेगळाच प्रकार असतो. उघड्या मैदानातला आवाज वर निघून जातो. इथं तो जात नाही, फिरून अंगावर येतो. पाहुण्या आर्लिंग्टनचा चेंडू असला की हा दंगा, आणि आपला असला की एकदम चिडीचूप, आपल्या क्वार्टरबॅकला हाका मारता याव्यात म्हणून. एवढं शहाणं पब्लिक मी शाहू स्टेडियमवर पाहिलेलं नाही. सामना बॅटलहॉक्सनी २४-११ असा जिंकला.

सगळीकडं असंच चालतं असं नाही. भाच्यानं मधल्या वेळेत फोनवर वॉशिंग्टनचा व्हिडिओ दाखवला. तिथले प्रेक्षक बिअरचे रिकामे पेले एकात एक घालून गॅलरीभर लांब साप करतात. पहिल्याच सामन्यात सुरक्षावाल्यांनी तो साप जप्त केला, तर चिडलेल्या पब्लिकनं मैदानात लिंबं फेकली. लिंबं! ती बघून मला माझीच माणसं भेटल्यासारखं वाटलं.

बाहेर पडतानाच आकडा भाच्याच्या फोनवर आला: ३८,३१०. लीगच्या इतिहासातला तोवरचा सगळ्यात मोठा. जिन्यातल्या गर्दीत तो एका तोंडातून दुसऱ्या तोंडात गेला. कुणी स्कोअर बोलत नव्हतं. आम्ही पार्किंगकडं जवळजवळ पळत सुटलो. डब्यासाठी, आणि म्हातारीला आकडा सांगायला. पण पिकअप निघून गेलेली. जमिनीवर राख, कोळशाचे दोन तुकडे आणि थोडे कुरमुरे.

कोल्हापुरात तेव्हा पहाटेचे साडेचार-पाच असतील. मित्राला उठवलं. तो जांभई देत म्हणाला, "पब्लिक किती होतं?"

पुढचं मला भाच्याकडूनच कळत गेलं. दहापैकी सात जिंकूनही संघ प्लेऑफला, म्हणजे बाद फेरीला, मुकला, आणि विजेतेपद नेलं ते साखळीत दहापैकी चारच जिंकलेल्या आर्लिंग्टननं. ३१ डिसेंबरला एक्सएफएल हे नावच गेलं. दुसऱ्या एका लीगमध्ये विलीन होऊन यूएफएल झालं. लास व्हेगस, ऑर्लँडो, सिएटल हे संघ बंद झाले. सेंट लुईसचा राहिला. ६ एप्रिल २०२४ च्या पहिल्या घरच्या सामन्याला ४०,३१७ माणसं आली, आणि समोर परत आर्लिंग्टन.

त्या संध्याकाळी भाच्यानं फोटो पाठवला. तेच पार्किंग, तीच शेगडी, ब्लँकेटमध्ये म्हातारी. तिच्या मांडीवर माझा डबा, तिथल्या लोणीदार केकच्या तुकड्यांनी भरलेला. वर्षभर गाडीत घेऊन फिरत होते म्हणे. रिकामा डबा परत देत नाहीत हे त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे.

झाकण मात्र दुसऱ्याच कुठल्यातरी डब्याचं होतं.